पट्टे मारून झाले, गाडीचं काय?

नाशिकचं सातपूर असो, अंबड असो की सिन्नरची माळेगाव वसाहत, जरा बऱ्यापैकी कारखान्यात पाऊल टाकलं की जमिनीवरचे पिवळे पट्टे आधी नजरेत भरतात. कुठे हिरवी पायवाट आणि तिच्यावर पांढऱ्या रंगाने छापलेली पावलं, कुठे फोर्कलिफ्टच्या, म्हणजे माल उचलून नेणाऱ्या गाडीच्या, वळणावर झेब्रा पट्टे, कुठे अग्निशामकाखाली लाल चौकोन. पाहुण्यांना फिरवणारा माणूस हे सगळं अभिमानाने दाखवतो. वीस वर्षांपूर्वी यातल्या निम्म्या शेडमध्ये साधा गँगवेही (ये-जा करायची वाट) धड आखलेला नसायचा, त्यामुळे त्याचा अभिमान मी समजू शकतो. पट्टे आले हे चांगलंच झालं. पण पट्टे आले म्हणजे पायी चालणारा माणूस सुरक्षित झाला, ही जी समजूत त्यांच्या मागोमाग आली, तिच्याशी माझं भांडण आहे. कारण या समजुतीने एक काम फार सफाईने केलं: गाडीमुळे निर्माण होणारा धोका सांभाळण्याची जबाबदारी गाडीवाल्या व्यवस्थेकडून उचलून पायी चालणाऱ्याच्या डोक्यावर ठेवली.

एखाद्या हेल्परच्या पायावरून चाक गेलं की चौकशीच्या कागदावर पहिलं वाक्य काय येतं? 'कामगार पिवळ्या पट्ट्याच्या बाहेर चालत होता.' इथे चौकशी संपते. तो बाहेर का आला, गाडी त्या वेळी तिथे का होती, ती तिथे असायलाच हवी होती का, हे कुणी विचारत नाही. नंतर टूलबॉक्स टॉक, म्हणजे सुरक्षेवरची छोटी सभा होते, सह्या घेतल्या जातात आणि फाइल बंद.

आधी ती गाडी नेमकी काय चीज आहे ते बघू. फोर्कलिफ्टला आपण लहान गाडी समजतो, कारण ती दिसते रिक्षाहून थोडी मोठी. पण तीन टन माल पुढे उचलायचा तर मागे तोल सांभाळायला वजन हवं, म्हणून तीन टनी फोर्कलिफ्ट स्वतःच चार टनांच्या वर भरते. मालासकट सात टन. ही सात टनांची वस्तू शेडच्या आत, माणसांच्या खांद्याला खांदा लावून फिरते. तिचं स्टिअरिंग मागच्या चाकांवर असतं. मोटार वळते तेव्हा तिचं नाक वळतं, फोर्कलिफ्टचं मात्र बूड फिरतं, आणि ते वळणाच्या उलट बाजूला बाहेर येतं. ऑपरेटर त्या क्षणी पुढे फोर्क पॅलेटमध्ये (माल ठेवायच्या फळ्यांच्या चौकटीत) नीट घुसतायत का ते बघत असतो. म्हणजे गाडीशेजारी, अगदी पट्ट्याच्या आत, नियमाप्रमाणे उभा असलेला माणूस ज्या भागाच्या तावडीत सापडतो, त्या भागाकडे कुणाचंही लक्ष नसतं.

समोरचं दिसतं म्हणावं तर तेही पुरतं नाही. माल वर चढवणाऱ्या मास्टचे दोन खांब, मधल्या साखळ्या आणि हायड्रॉलिकचे पाइप, त्यात पुढे छातीएवढा माल. माल उंच असेल तर गाडी रिव्हर्समध्ये चालवा असं शिकवतात आणि ते बरोबरही आहे. मग ऑपरेटर आठ तास मान मागे वळवून चालवतो. पाळी संपताना ती मान किती वळते, हे त्याच्या जागी बसल्याशिवाय कळायचं नाही. बॅटरीवरच्या गाड्या आल्यापासून धूर गेला, ही मोठी सोय झाली. सोबत आवाजही गेला. त्यावर उपाय म्हणून रिव्हर्स हॉर्न. पण प्रेस शॉपमध्ये कानात प्लग घालून उभ्या असलेल्या माणसाला दिवसभर चार गाड्यांचे हॉर्न ऐकू येत असतील, तर तिसऱ्या दिवशी त्याचा कान ते ऐकणंच सोडून देतो.

आता वेग. बहुतेक ठिकाणी 'वेग मर्यादा १० किमी' अशी पाटी असते. ताशी १० किमी म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटरच्या थोडं वर. माणसाला दिसणं, उमगणं आणि पाय ब्रेकवर जाणं यात एक सेकंद गेला असं धरलं, तर ब्रेक लागायला सुरुवात होण्याआधीच गाडी पावणेतीन मीटर पुढे आलेली असते. पायवाट असते एक मीटर रुंद. ती ओलांडायला गाडीला अर्धा सेकंदही लागत नाही. रंगाच्या १०० मिलिमीटरच्या पट्टीने यातलं काय थांबणार आहे? पट्टी डोळ्यांना सांगते, चाकाला सांगत नाही.

आणि या गाडीकडे बाहेरचा कायदाही फारसा बघत नाही, हे अनेकांना ठाऊक नसतं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' कशाला म्हणायचं याची जी व्याख्या आहे, तिच्यातून फक्त कारखान्याच्या किंवा बंदिस्त आवाराच्या आत वापरायची खास बनावटीची वाहनं वगळलेली आहेत. त्यामुळे आवाराबाहेर न पडणाऱ्या फोर्कलिफ्टला नंबरप्लेट नसते, तिचा आरटीओशी संबंध येत नाही. त्र्यंबक रोडवर स्कूटी चालवायला लायसन्स लागतं. त्याच रोडच्या कडेच्या शेडमध्ये सात टनांची गाडी कुणाच्या हाती द्यायची हे कंपनीने ठरवायचं. चांगल्या कंपन्या रीतसर प्रशिक्षण देतात, ऑपरेटरला फोटोचं कार्ड देतात, चावी दुसऱ्याला मिळणार नाही हे बघतात. बाकीच्या ठिकाणी ऑपरेटर जेवायला गेला आणि ट्रक उभा आहे म्हटल्यावर कुणीतरी 'येते मला' म्हणून चढतो.

कारखान्यांच्या कायद्याचं काय? १९४८ च्या कायद्याच्या कलम ३२ मध्ये गँगवे हा शब्दच होता. जमीन, जिने, वाटा, गँगवे पक्क्या बांधणीचे असावेत, नीट राखावेत आणि अडथळा किंवा पाय घसरेल असं काही त्यांच्यावर राहू नये, असं ते कलम सांगायचं. बस. माणूस आणि वाहन यांची वाट वेगळी असावी, हे त्या कलमात नव्हतं. १९४८ मध्ये शेडच्या आत माल बहुधा हातगाडीवर आणि डोक्यावर चालायचा, त्यामुळे ते समजण्यासारखंही आहे. ब्रिटनच्या १९९२ च्या कार्यस्थळ नियमांमध्ये मात्र हेच सरळ लिहिलं आहे: कामाची जागा अशी रचलेली असली पाहिजे की माणसं आणि वाहनं दोन्ही सुरक्षितपणे फिरू शकतील. इथे रचना हा शब्द महत्त्वाचा आहे, रंगाचं नाव नियमाच्या सुरुवातीला येत नाही. आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी कामाच्या जागेच्या सुरक्षेची नवी श्रम संहिता लागू झाली. सुरक्षा अधिकारी नेमण्याची अट हजार कामगारांवरून सर्वसाधारण कारखान्यांसाठी ५०० वर आली. चांगलं आहे. पण अंबडच्या गल्ल्यांत जिथे पंधरा-वीस माणसांमध्ये एक जुनी डिझेल फोर्कलिफ्ट फिरते, तिथपर्यंत ही सुधारणा पोचत नाही.

रचना म्हटलं की प्रश्न जागेचा येतो आणि जागा म्हटलं की पैशाचा. खरी गोम इथे आहे. समजा वीस मीटर रुंद आणि पन्नास मीटर लांब शेड आहे, म्हणजे हजार चौरस मीटर. तिच्या लांबीभर एक मीटरची पायवाट सोडली की पन्नास चौरस मीटर गेले, म्हणजे पाच टक्के. गाडीच्या रस्त्यासाठी वेगळी जागा. सर्वांत रुंद गाडीपेक्षा गँगवे किमान तीन फूट जास्त रुंद असावा, असा अमेरिकेतल्या सुरक्षा खात्याचा जुना सल्ला आहे. आपल्याकडेही सल्लागार मंडळी तोच सांगतात. अंबडला आज मोकळा भूखंड मिळणं किती अवघड आहे हे कुणाही उद्योजकाला विचारा. त्या पन्नास चौरस मीटरमध्ये दोन मशिनं बसतात. मग होतं असं की पायवाट कागदावर राहते आणि प्रत्यक्षात मालाची तात्पुरती जागा होते.

अंबडमधल्या एका शेडमध्ये मी हे अगदी जवळून पाहिलं. गेटपासून सुरेख हिरवी पायवाट निघाली होती, दोन्ही कडांना पिवळी पट्टी, दर थोड्या अंतरावर पावलांची छाप. रंग अजून चांगला होता. मशिन शॉपच्या मध्यावर, बरोबर जिथे स्टोअरकडून येणारा गाडीरस्ता मिळतो तिथे, पायवाटेवर कास्टिंगने (ओतीव भागांनी) भरलेले तीन बिन, म्हणजे मोठ्या पेट्या, एकावर एक ठेवलेले. वरच्या बिनवर खडूने 'होल्ड' लिहिलेलं, म्हणजे तपासणीसाठी रोखून ठेवलेला माल. सुपरवायझर म्हणाला, "क्वालिटीचा होल्ड आहे साहेब, दुपारपर्यंत निघेल." तेवढ्यात चहाची किटली आणि कागदी कप घेऊन एक मुलगा आला. बिनपाशी आल्यावर तो सवयीने डावीकडे गाडीच्या रस्त्यावर उतरला, चार पावलं चालला आणि पुन्हा हिरव्यावर चढला. बिनांच्या त्या उंचीमुळे स्टोअरकडून येणाऱ्या ऑपरेटरला तो दिसणं शक्यच नव्हतं. आम्हा दोघांशिवाय तिथे आणखी सहा-सात माणसं उभी होती. कुणी वरही पाहिलं नाही. बिनांच्या पायाशी हिरव्या रंगावर गंजाचे चौकोनी डाग होते, जुने आणि एकावर एक. म्हणजे ही दुपार रोजचीच होती.

त्या दिवशी अपघात झाला असता तर कागदावर काय आलं असतं ते वर लिहिलंच आहे. पण बिन तिथे का होते? कारण होल्डच्या मालाला शेडमध्ये जागाच ठरवलेली नव्हती. का नव्हती? कारण महिनाअखेर डिस्पॅच, म्हणजे तयार माल बाहेर पाठवणं, तुंबतो, ट्रक वेळेवर येत नाही, तयार माल होल्डच्या जागेत सरकतो, होल्डचा माल पायवाटेवर. या साखळीत तो चहावाला मुलगा सगळ्यात शेवटी येतो. त्याला शिस्त शिकवून डिस्पॅच सुधारत नाही.

'आमचे कामगार ऐकतच नाहीत हो' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता तिच्यावर एकच उलटप्रश्न विचारतो: पंचिंग मशिन कुठे आहे, पाण्याचा कूलर कुठे आहे, संडास कुठे आहेत, कॅन्टीन कुठे आहे? आणि तुमची पायवाट कुठून जाते? बहुतेक ठिकाणी पायवाट भिंतीच्या कडेने काटकोनात जाते, कारण ती कॉम्प्युटरवरच्या नकाशात तशी छान दिसते. माणूस मात्र मशिनपासून कूलरपर्यंत सरळ जातो. अर्ध्या तासाच्या जेवणाच्या सुटीत कॅन्टीनला जाऊन यायचं, तिथे रांग, हात धुवायला रांग; त्यात कुणी शंभर पावलांचा वळसा घालत नाही, तुम्ही-आम्हीही घालणार नाही. गोल्फ क्लबच्या मैदानावर जॉगिंग ट्रॅक सोडून गवतातून तिरपी वाट पडलेली असते ना, तसंच हे. त्या तिरप्या वाटेचा राग धरण्यापेक्षा आधी ती बघावी. दोन दिवस शेडच्या माळ्यावर उभं राहून माणसं खरी कुठून चालतात ते टिपावं. मग एक तर गाडीचा रस्ता तिथून हलवावा, नाहीतर कूलर हलवावा. कूलर हलवायला प्लंबर आणि एक दिवस लागतो. मी सुचवलेल्या उपायांपैकी सगळ्यात जास्त हसू याच उपायाला आलं आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगही याचाच झाला आहे.

मग काय करायचं? पट्टा मारायचा, पण सगळ्यात शेवटी. आधी गाडीची फेरीच कमी होते का ते बघायचं. ओळीवर माल पोचवायला प्रत्येक वेळी तीन टनी गाडी लागत नाही. पाचशे किलोचं पॅलेट हँड पॅलेट ट्रकवर माणूस चालत नेऊ शकतो. फोर्कलिफ्ट स्टोअर आणि डिस्पॅचच्या टोकाला ठेवली, तिला मशिन शॉपमध्ये शिरूच दिलं नाही, तर पुढचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत. हे जमत नसेल तर वेळ वेगळी करायची. पाळी बदलताना आणि जेवणाच्या सुटीत सगळी माणसं एकदम वाटेवर येतात. तेवढी वीस मिनिटं फोर्कलिफ्टची चावी सुपरवायझरच्या खिशात. याला एक रुपया लागत नाही. लहान युनिटवाले जे म्हणतात, 'आमच्याकडे जागाच नाही, आम्ही काय वेगळ्या वाटा काढणार', त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि त्यांच्यासाठी हाच उपाय सगळ्यात कामाचा आहे. जागा नसेल, वेळ तर आहे.

त्यानंतर येतो कठडा. जिथे दार उघडल्या उघडल्या माणूस गाडीच्या रस्त्यावर येतो, तिथे लोखंडी पाइपचं रेलिंग हवंच. वळणाला, रॅकच्या टोकाला, टाइम ऑफिसच्या दारापुढे. चेंजिंग रूमचं दार ढकलून माणूस सरळ बाहेर न पडता आधी रेलिंगच्या कडेने दोन पावलं बाजूला सरकेल, अशी रचना. अंबड-सातपूरमध्ये फॅब्रिकेशनची इतकी दुकानं आहेत की असं रेलिंग आठवड्यात उभं राहतं.

नाशिककराला हे खरं तर समजावून सांगावं लागू नये. दर बारा वर्षांनी सिंहस्थात आपण याच प्रश्नाला मोठ्या प्रमाणावर तोंड देतो. लाखो माणसं रामकुंडाकडे येणार. गाड्या शहराबाहेरच्या वाहनतळांवर अडवतात, घाटाकडे जायची वाट वेगळी, परतायची वेगळी, आणि मध्ये बल्ल्या बांधून अडसर. २००३ साली चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली, त्यानंतर तर गर्दीच्या वाटांचा विचार आणखी बारकाईने होऊ लागला. २०२७ च्या पर्वण्यांसाठीही तीच आखणी चालू आहे. रस्त्यावर पिवळी रेघ ओढून 'भाविकांनी रेषेच्या आत चालावे' असा फलक लावला की झालं, असं एकही अधिकारी म्हणणार नाही. शेडमध्ये मात्र आपण नेमकं हेच म्हणतो.

पट्ट्याची निंदा पुरे. तो मारायचाच आहे, तर नीट मारावा. इथेही हातघाई नडते. ग्राहकाच्या कंपनीचा ऑडिट आठवड्यावर आला की रंगारी बोलावतात. साप्ताहिक सुटीच्या दिवशी तेलकट काँक्रीटवर झाडू फिरवून इपॉक्सी रंग मारतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरून फोर्कलिफ्ट. इपॉक्सीवर माणूस साधारण एका दिवसात चालू शकतो, पण तो पुरता पक्का व्हायला आठवडा लागतो. खालची जमीन ग्राइंडरने खरवडलेली नसेल, मुरलेलं तेल निघालेलं नसेल, तर रंग जमिनीला धरतच नाही, तेलाला धरतो. पावसाळ्यात खालून ओल येणाऱ्या शेडमध्ये तर तो फुगून पापुद्रे सुटतात. काँक्रीट नवं असेल तर २८ दिवस थांबायला हवं, तेवढा धीर कुणाला? चिकटपट्टीचा शॉर्टकट पायवाटेपुरता चालतो. गाडी जिथे वळते तिथे भरीव टायर ती दोन दिवसांत गुंडाळून टाकतो. आणि अर्धवट पुसलेला पट्टा हा पट्टा नसण्यापेक्षा वाईट, कारण मग तो पाळायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं.

दुसरी एक गोष्ट, जी नाशिकमध्ये सहज होऊ शकते. रंगांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. एकीकडे हिरवी जमीन म्हणजे चालायची वाट, दुसरीकडे हिरवा चौकोन म्हणजे पास झालेला माल ठेवायची जागा. एकीकडे पिवळी पट्टी म्हणजे ओलांडू नका, दुसरीकडे तीच पट्टी निव्वळ मशिनची हद्द. कायम कामगाराला याचं काही वाटत नाही, तो त्या शेडमध्ये वाढलेला असतो. पण आज शेडमध्ये कायम कामगार किती? ठेकेदारामार्फत आलेला मुलगा या महिन्यात गोंद्याला, पुढच्या महिन्यात अंबडला, दिवाळीनंतर दिंडोरीला. गेटवर त्याला अर्ध्या तासाची सुरक्षेची चित्रफीत दाखवतात, पास देतात आणि आत सोडतात. निमा आणि आयमा या दोन्ही उद्योजक संघटना इथे जुन्या आणि वजनदार आहेत. त्यांनी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या अधिकाऱ्यांना सोबत घेऊन एका पानाचा संकेत ठरवला, की नाशिकच्या सर्व वसाहतींत चालायची वाट याच रंगाची आणि त्या रंगावर दुसरं काहीही ठेवायचं नाही, तर त्यात कुणाचं काय जातं? सिग्नलचा लाल दिवा त्रिमूर्ती चौकात एक सांगतो आणि पाथर्डी फाट्यावर दुसरं, असं तर आपण चालवून घेत नाही.

गेटबाहेरची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती महापालिका आणि एमआयडीसी यांच्यातला वेगळा वाद आहे. वसाहतींच्या आतल्या रस्त्यांवर कडेला ट्रेलर उभे, फुटपाथ असला तर त्यावर टपरी, आणि पाळी सुटल्यावर चुंचाळे किंवा श्रमिकनगरकडे पायी निघालेला कामगार डांबराच्या मध्यावरून चालतो. बऱ्याच कंपन्यांत आत यायलाही एकच गेट. ट्रक आणि माणूस दोघांना तेच. माणसांसाठी बाजूला लहान दार काढणं ही भिंतीला भोक पाडण्याची गोष्ट आहे. ज्या कंपनीने तेवढंही केलेलं नाही, तिच्या आतल्या हिरव्या पायवाटेवर माझा फारसा विश्वास बसत नाही.

राहता राहिला प्रश्न हे सगळं घडवून आणणार कोण. सरकारी निरीक्षक थोडे आणि कारखाने हजारो. पण नाशिकमध्ये एक ताकद आहे: मोठ्या कंपन्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लहान युनिटं. या मोठ्या कंपन्यांचे ऑडिटर व्हेंडरच्या शेडमध्ये नियमाने येतात, त्यांच्या गुणांवर ऑर्डर ठरते, आणि त्यांच्या शब्दाला जी धार आहे ती कुठल्याही कलमाला नाही. आज ते येतात सकाळी अकराला. चहा होतो, सादरीकरण होतं, मग धुतलेल्या जमिनीवरून चक्कर. तेव्हा पायवाट मोकळी असते, फोर्कलिफ्ट कडेला उभी असते, ऑपरेटरने जॅकेट घातलेलं असतं. याच ऑडिटरांनी महिन्याच्या तीस तारखेला, दुपारी पाळी बदलताना यावं, न सांगता. पट्टा कितीही मिलिमीटरचा असो, तो मोजत बसू नये. पायवाटेवर काय ठेवलंय ते बघावं आणि ते तिथे का आलं याचं उत्तर सुपरवायझरकडून न घेता डिस्पॅचच्या मॅनेजरकडून घ्यावं. आणखी एक: दर वाढवून मागायची मुभा व्हेंडरला द्यावी; रेलिंगचा खर्च आणि पाच टक्के जागा त्या लहान उद्योजकाने एकट्याने सोसायची आणि सुरक्षेचं प्रमाणपत्र वरच्या कंपनीने भिंतीवर लावायचं, हा व्यवहार काही बरोबर नाही.